तालाचा मालक कोण?



जयंती जवळ आली की आमच्या अकोल्यातील वस्तीत एकच वाद रंगतो. पोरे म्हणतात डीजे लावा, वडीलधारी म्हणतात लेझीम काढा. यंदा वर्गणीच्या बैठकीत शेजारची दहावीतील मुलगी उभी राहिली. म्हणाली, "काका, डीजे वाजते म्हणून आपन नाचतो. लेझीममंदी आपन नाचतो म्हणून ते वाजते."

बैठक गप्प झाली. आम्ही कारकून माणसे, जमाखर्चात बुडालेलो. हा हिशेब आम्हाला सुचला नव्हता.

मुलगी बोलली तेच मोठमोठे कलावंत करून पाहत आले आहेत. १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये मर्स कनिंगहॅम यांचे नृत्यपथक जॉन केज यांच्या संगीतावर नाचले. रंगमंचावर अँटेना उभ्या होत्या. नर्तक जवळून गेला, प्रकाशाची तिरीप अडली, की त्याचा परिणाम आवाजावर होई. मात्र अखेरचा हात मिक्सरवर बसलेल्या वादकांचाच होता. पुढे ही साधने अंगावर आली. ब्रिटनच्या गायिका इमोजेन हीप यांनी सहकाऱ्यांसह असे हातमोजे घडविले की मूठ मिटली, मनगट वळले, की स्वर बदलतो.

यात जादू नाही. अंगावरचा सेन्सर हालचालीचा झटका मोजतो आणि तो आकडा बिनतारी संगणकाकडे धाडतो. एवढ्या झटक्याला ढोलकी, हात वर गेला की बासरी, असे संगणकाला आधीच सांगून ठेवलेले असते.

असाच सेन्सर आपल्या मोबाईलमध्येही असतो. फोन आडवा धरला की चित्र आडवे होते, ते त्याच्यामुळेच. जर्मनीतील आखेनच्या विद्यापीठाने 'फायफॉक्स' नावाचे मोफत अॅप काढले आहे. ते उघडून आम्ही फोन त्या मुलीच्या मनगटाला रुमालाने घट्ट बांधला. तिने लेझीम खेळली. नंतर पाहिले तर प्रत्येक ठोक्याला पडद्यावर एकेक शिखर उमटलेले! तिची आजी म्हणाली, "माय वं, हे त लेझीम लिहून राह्यलं!"

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखविले. वऱ्हाडाच्या अंगात ताल जुनाच आहे. पण कोणत्या झटक्याला कोणता स्वर, हा नियम जो लिहील तोच नव्या तालाचा मालक. तो नियम आपल्या पोरीबाळींनी का लिहू नये?

बैठकीत डीजेचा निकाल लागला नाही. मात्र लेझिमांच्या गंजलेल्या साखळ्या बदलायला पैसे मंजूर झाले. मायबापहो, मुलीच्या हाती लेझीम द्या, आणि सरावानंतर घटकाभर घरातला फोनही द्या. रील पाहायला नव्हे, आपला ठोका मोजायला.