मापाचेही माप हवे

किराणा दुकानातील तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का आहे किंवा नाही, हे जागरूक ग्राहकाला पाहता येते. औषधाच्या गोळीबाबत मात्र वेष्टनावर छापलेल्या मिलिग्रॅमवर विश्वास ठेवण्यापलीकडे त्याच्या हाती काही नसते. शिवाय औषध गोळीत असणे निराळे आणि ते विरघळून रक्तात उतरणे निराळे. १९७१ साली अमेरिकेत हृदयविकारावरील डिगॉक्सिनच्या गोळ्यांची तुलना झाली, तेव्हा मात्रा तीच असूनही रक्तातील पातळीत सातपटीपर्यंत तफावत आढळली. या औषधाच्या उपकारक आणि विषारी मात्रेत अंतर फार थोडे असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या तफावतीचे गांभीर्य कळते.

अशा गोळ्या रुग्णापर्यंत पोचण्यापूर्वीच पकडाव्यात, यासाठी विद्रावण चाचणी आहे. गोल बुडाच्या लिटरभर मापाच्या भांड्यात बहुधा ९०० मिलिलिटर द्रव ३७ अंश सेल्सिअसवर ठेवून त्यात गोळी सोडतात, वल्ह्यासारखे पाते मिनिटाला ५० किंवा ७५ फेऱ्यांनी फिरवतात आणि ठराविक वेळाने किती औषध द्रवात उतरले ते मोजतात. कृती सोपी, उपकरण मात्र नाजूक. पाते बुडापासून २५ मिलिमीटरवर हवे आणि त्यात दोन मिलिमीटरहून अधिक फरक चालत नाही. दांडा किंचित वाकडा असला किंवा शेजारच्या यंत्राचा कंप मेजाला पोचला, तर द्रव अधिक ढवळला जाऊन नापास व्हावयाची गोळी उत्तीर्ण होऊ शकते.

म्हणून परीक्षकाचीच परीक्षा आवश्यक ठरते. तिलाच अंशशोधन म्हणतात. अमेरिकेच्या औषधसंहितेने १९७८ मध्ये यासाठी प्रेडनिसोनच्या प्रमाण गोळ्या प्रचारात आणल्या. गोळीतील दोष उपकरणाच्या माथी येतो, असा आक्षेप त्यावर आला. २०१० मध्ये तेथील औषध प्रशासनाने अंतर, वेग, लंब यांच्या काटेकोर मोजमापाचा पर्यायही मान्य केला. परंतु केवळ मोजपट्टीने द्रवात विरलेली हवा दिसत नाही. तेव्हा यातील एकच मार्ग खरा, असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, हेच शहाणपणाचे.

भारतातील औषध नियमांच्या ‘एम’ अनुसूचीतही उपकरणांचे अंशशोधन आणि त्याची नोंद बंधनकारक आहे. पण तपासनीस येण्याच्या आदल्या दिवशी रकाने भरण्याची कला कोणत्याही कचेरीला नवी नाही. खरी कसोटी उपकरण नापास ठरते त्या दिवशी लागते. दांडा बदलून काम पुढे चालू करणे सोपे असते. मागील निर्दोष तपासणीपासून त्याच उपकरणाने उत्तीर्ण केलेला प्रत्येक माल पुन्हा पाहणे खर्चाचे असते. कर्तव्य मात्र तेच असते. तपासनिसानेही केवळ प्रमाणपत्र न पाहता हीच फेरतपासणी झाली काय, हे विचारले पाहिजे. तराजूतील पाप ग्राहकाच्या खिशावर पडते. येथील पाप रुग्णाच्या जिवावर बेतते.