बोलणाऱ्याने पणाला काय लावलं?

रत्नागिरीच्या आसपास कुठल्याही वाडीत नवखा माणूस सभेत बोलायला उभा राहिला, की मागच्या रांगेतून कोणीतरी म्हातारा हमखास विचारतो, "तू कोणाचा?" गाव, घर, आजोबांचं नाव एवढं कळलं की मगच तो पुढचं ऐकायला तयार होतो. बाहेरच्या माणसाला ही चौकशी संकुचित वाटते. आम्हाला त्यात शहाणपण दिसतं, कारण मुद्दा तोलण्याआधी तो मांडणाऱ्याला तोलून घ्यावं ही समज त्यामागे आहे. चूक होते ती उत्तर मान्य करताना. कूळ आणि वाडी कळली की आपलं समाधान होतं, आणि त्या लवकर होणाऱ्या समाधानाने या जिल्ह्याचं पुष्कळ नुकसान केलेलं आहे. यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय 'पटवून देणं' हा ठेवला तो याच कारणाने.

या विषयाची पहिली नीट मांडणी ॲरिस्टॉटलची. बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या मनात जागी होणारी भावना आणि खुद्द मुद्द्यातला युक्तिवाद अशा तीन वाटांनी श्रोत्याला पटतं, असं त्याने 'ऱ्हेटोरिक'मध्ये लिहिलं. ईथॉस, पेथॉस आणि लोगॉस ही त्याची नावं. पत ही यातली बहुधा सर्वांत परिणामकारक, असंही तो म्हणतो. पण ती त्या भाषणातूनच उभी राहिली पाहिजे, वक्त्याबद्दल लोकांचं आधी काय मत आहे त्यावरून नव्हे, अशी त्याची अट आहे. ही अट आम्हाला मान्य नाही. भाषणात उभी केलेली पत भाषणाबरोबर संपते. आपल्याकडच्या न्यायदर्शनाने आप्ताचा शब्द हे ज्ञानाचं प्रमाण मानलं आणि वात्स्यायनाने आपल्या भाष्यात आप्त कोण तेही सांगितलं: ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखंच लागू आहे, असंही तो तिथेच नोंदवतो. कुळाचा प्रश्न त्याने इतक्या जुन्या काळी निकालात काढला होता.

आमच्या मते या लक्षणाला एका कसोटीची जोड हवी: बोलणाऱ्याने स्वतःचं काय पणाला लावलं आहे? ही कसोटी सुचायला रत्नागिरीकराला फार लांब जावं लागत नाही.

रत्नागिरीत २३ जुलै १८५६ रोजी जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांवर जुलै १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात राजद्रोहाचा खटला चालला. 'केसरी'तले 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे लेख आरोपाच्या मुळाशी होते. ज्यूरीत नऊ जण, सात युरोपीय आणि दोन पारशी. लेख मराठीत लिहिलेले. ज्यांनी निवाडा करायचा त्यांतल्या बहुतेकांना मराठी येत नव्हतं, त्यांच्या हातात सरकारी भाषांतर होतं. न्यायासनावर होते न्यायमूर्ती दावर. हेच दावर १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांचे वकील होते आणि तेव्हा त्यांनी टिळकांना जामीन मिळवून दिला होता.

टिळकांनी बचाव स्वतः केला. १५ जुलैपासून २२ जुलैपर्यंत, सुटीचे दिवस वगळता, ते एकूण २१ तास १० मिनिटं इंग्रजीत बोलले. भाषांतर कुठे चुकलं ते त्यांनी शब्द धरून दाखवलं. आपले लेख हे अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांनी केलेल्या लिखाणाला उत्तर होतं, हे सांगताना त्यांनी ती वृत्तपत्रंच पुढे ठेवली. इंग्लंडमध्ये वृत्तपत्र-स्वातंत्र्य ज्यूरीने कसं राखलं याचा इतिहास त्यांनी त्या बहुसंख्य युरोपीय ज्यूरीलाच ऐकवला. या सगळ्यात याचना कुठेही नव्हती. समोरच्या नऊ जणांना बुद्धी आहे आणि ती वापरायची त्यांची तयारी असू शकते, असं गृहीत धरून केलेला तो युक्तिवाद होता. तो हरला. २२ जुलैच्या रात्री ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवलं.

काही सांगायचं आहे का, असं विचारल्यावर टिळक मोजकी वाक्यं बोलले. ज्यूरीचा निर्णय काहीही असो, आपण निर्दोष आहोत. मनुष्यांच्या न्यायालयापेक्षा वरिष्ठ शक्ती आहेत. आणि आपण मोकळं राहण्यापेक्षा आपण सोसल्यानेच अंगीकारलेल्या कार्याची भरभराट व्हावी, अशी कदाचित ईश्वरी इच्छा असेल. सहा वर्षं काळ्या पाण्याची आणि एक हजार रुपये दंडाची शिक्षा झाली. ती वाक्यं पुढे त्याच हायकोर्टात कोरून लावण्यात आली.

शिक्षेनंतर मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद पडल्या. वर्षाला एक दिवस, असा तो हिशेब. रस्त्यावर लष्कर आलं, गोळीबार झाला, माणसं गेली. गिरणगावात तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातून पोट भरायला गेलेल्यांची संख्या फार मोठी होती. या कामगारांनी २१ तासांचं भाषण ऐकलेलं नव्हतं, इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पुष्कळांना अक्षरओळखही नव्हती. त्यांना कशाने पटलं? १८९७ च्या प्लेगात हा माणूस पुणं सोडून गेला नाही हे त्यांनी ऐकलं होतं. त्याच वर्षी त्याला तुरुंगवास झाला तेही ठाऊक होतं. तो जे बोलतो त्याची किंमत तो स्वतः मोजतो, एवढं त्यांना पुरेसं होतं.

ते २१ तास फुकट गेले आणि काम झालं ते शेवटच्या मिनिटाने, असं काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. आधीचा युक्तिवाद नसता तर शेवटची वाक्यं नुसते उद्गार ठरली असती. प्रत्येक पुरावा शत्रूच्या समोर तपासायला ठेवल्यानंतर आलेली ती भावना होती, म्हणून ती इतकी वर्षं टिकली.

पण पत असण्याचा धोकाही टिळकांच्याच चरित्रात आहे, आणि रत्नागिरीच्या अंकाने तो झाकू नये. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी विरोध केला. विवाहित मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर नेणारा तो कायदा होता. परक्या सरकारने आपल्या घरात कायदा करू नये हा त्यांचा मुद्दा कितीही गंभीर धरला, तरी त्या वादात मुलींची बाजू समाजसुधारक आगरकर आणि त्यांच्या सोबतचे मोजके लोक मांडत होते आणि गर्दी टिळकांच्या मागे होती. ज्याच्यावर लोकांचा विश्वास आहे तो चुकला, तर त्याच्या मागचे सगळे चुकतात.

त्या गर्दीचं मत फिरवण्याचं काम याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या माणसाने केलं. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. वक्ते म्हणून त्यांची कीर्ती नव्हती. १८९३ मध्ये त्यांनी देवरुखच्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं आणि मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. कर्वे ज्या बैठकीला असतील तिथे बसायचं नाही इथपर्यंत गोष्ट गेली. पुनर्विवाहाच्या प्रचाराला यश येत नाही हे पाहून कर्व्यांनी जे केलं, त्यात पटवण्याचं सारं मर्म आहे. त्यांनी लोकांकडे मागायची गोष्ट बदलली. विधवेचं लग्न लावून द्या असं म्हटलं की ज्या बापाचा थरकाप होई, तोच बाप तिला शिकू द्या म्हटल्यावर निदान दार उघडत होता. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला, १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला. कर्व्यांनी आपली पुंजी त्यात घातली, दारोदार वर्गणी मागितली, आणे-पैशांचे हिशेब ठेवले. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं.

गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले १८७० मध्ये देवरुखला जन्मल्या. तरुणपणी विधवा झाल्या आणि हिंगण्याच्या कामाला लागल्या. आश्रमासाठी निधी मिळवायला त्या गावोगाव फिरून व्याख्यानं देत. पुढे अमेरिकेत गेल्या आणि इंग्रजी शिकण्यासाठी तिथल्या घरांत त्यांनी घरकाम केलं. विधवेने शिकावं का, या प्रश्नावर श्रोत्यांनी तासभर वाद घालायचं ठरवलं असतं तरी त्या शिकलेल्या, प्रवास केलेल्या, हिशेब चोख ठेवणाऱ्या विधवेसमोर तो घालणं त्यांना जड गेलं असतं. पार्वतीबाईंचं नाव कोकणातल्या शाळांत आजही पुरेसं सांगितलं जात नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं.

आमची कसोटी सगळीकडे पुरी पडते असा आमचा दावा नाही. कर्व्यांचेच थोरले चिरंजीव रघुनाथराव घ्या. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ च्या खटल्यात खुद्द डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरीही दंड झालाच. पणाला लावायचं त्यांनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं आणि युक्तिवाद तर गणिताच्या प्राध्यापकाचा, काटेकोर. तरी समाजाने ऐकलं नाही. वडिलांनी मागणी श्रोत्याच्या आवाक्यात आणली; मुलाने सत्य जसं आहे तसं पुढे ठेवलं आणि एक पाऊलही मागे घेतलं नाही. आम्ही त्यांना दोष देत नाही. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा ते हयात होते. त्यांचं ऐकायला लागलेल्या उशिराची किंमत असंख्य बायकांनी बाळंतपणात मोजली.

भावनेला हात घालणं म्हणजे फसवणं, असा समज सुशिक्षितांत असतो. पालगडच्या साने गुरुजींनी पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून १ मे १९४७ पासून उपोषण केलं. त्याआधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून ते लोकांशी बोलले होते. दहाव्या दिवशी उपोषण सुटलं आणि त्याच वर्षी मंदिर खुलं झालं. ज्याचे अश्रू आणि ज्याचं पोट एकच गोष्ट सांगतं, त्याच्या भावनेवर संशय घ्यायचं कारण नाही.

आता आपल्या पिढीचं उदाहरण. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या, गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीजप्रकल्पाची चर्चा १९९२ मध्ये सुरू झाली. जागतिक बँकेने १९९३ मध्ये हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या योग्य नसल्याचं सांगून कर्ज नाकारलं. तरी त्याच वर्षाअखेर वीजखरेदीचा करार झाला आणि तो करार लोकांपुढे ठेवलेला नव्हता. १९९५ मध्ये एन्रॉनच्या अधिकाऱ्याने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं, की प्रकल्प पुढे नेण्याच्या आणि भारतातल्या लोकांना 'शिक्षित' करण्याच्या कामी कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. एवढं सगळं पटवण्यासाठी. आणि करारात धोका कोणाच्या माथी होता? वीज मंडळाने वीज उचलली नाही तरी ठरलेले पैसे द्यायचे होते, आणि त्यावर राज्य व केंद्र सरकारची हमी होती. पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेने करारातले आकडे मांडून हेच दाखवलं होतं. २००१ मध्ये वीज मंडळाने महागडी वीज घेणं थांबवलं, प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. लख्ख आकडे, गुळगुळीत कागदांवरची चित्रं, रोजगाराची आश्वासनं हे सगळं त्या वेळी जिल्ह्याने पाहिलं. पटवणाऱ्याचं स्वतःचं काय बुडणार आहे, हे विचारणारे गावकरी तेव्हाही होते. त्यांना विकासाचे विरोधक म्हटलं गेलं आणि त्यांतल्या कित्येकांना लाठ्या खाव्या लागल्या.

प्रकल्पाला विरोध करणाऱ्यांनाही हीच कसोटी लागू आहे. मुंबईहून शनिवारी येऊन रविवारी रात्री परत जाणाऱ्या वक्त्याच्या गळ्यातला हुंदका ऐकताना, इथली जमीन, इथली मासेमारी, इथला आंबा यांत त्याचं काय आहे हे पाहावं. आणि त्याचं इथे काहीच नसलं तरी त्याने दिलेला पुरावा तपासावा, कारण त्रयस्थाचा मुद्दाही खरा असू शकतो. आपल्या सभांत टाळ्या कोणाला पडल्या याची बातमी होते, कागद कोणी वाचले याची होत नाही. हे बदलायला हवं.

या अंकात वकील, कीर्तनकार, शिक्षक आणि मच्छीमार सोसायटीत काम करणारे कार्यकर्ते यांनी आपापल्या अनुभवातून लिहिलं आहे. सगळ्यांचं सगळं आम्हाला पटलेलं नाही. तरी ते छापलं, कारण प्रत्येकाने आपलं म्हणणं तपासता येईल असं मांडलं आहे. वाचकांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

शुभेच्छांसोबत एक विनंती. पर्यावरणविषयक जनसुनावणीची सूचना निदान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि प्रकल्पाच्या पर्यावरण-परिणाम अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, उपलब्ध करून द्यावा लागतो, असं २००६ ची अधिसूचना सांगते. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहता येतो. यापुढे तुमच्या गावात अशी सुनावणी लागली, तर वक्त्यांची वाट बघू नका. ते ३० दिवस वापरा. चार जणांनी मिळून सारांश मोठ्याने वाचा, न कळलेल्या ओळींखाली रेघ मारा आणि सुनावणीच्या दिवशी त्याच ओळी विचारा. नोंद करून घेतल्याशिवाय मात्र खाली बसू नका.