डिस्कही बदलायची की नुसते पॅड?

पावसाळा सरला की मयूर विहारच्या वाचकांचा एक प्रश्न हमखास येतो. पॅड झिजले म्हणून गाडी गॅरेजमध्ये नेली, तर मेकॅनिक म्हणतो, 'डिस्क भी साथ में बदलवा लो.' ऐकायचं का?

नवी डिस्क घालत असाल तर पॅड नवेच हवेत, यात तडजोड नाही. जुना पॅड जुन्या डिस्कच्या चऱ्यांप्रमाणे झिजलेला असतो. सपाट डिस्कवर तो पूर्ण न टेकता उंचवट्यांपुरताच टेकतो, तेवढ्याच पट्ट्या तापतात आणि ब्रेक कमी लागतो. उलट, नव्या पॅडसाठी डिस्क नवी हवीच असं मात्र नाही. ते डिस्कची जाडी मोजून ठरतं. न मोजता कुणी 'बदला' म्हणो की 'राहू द्या', दोघंही अंदाजपंचेच बोलत असतात.

डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, नाहीतर कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळते. समजा, नवी डिस्क 22 मिलिमीटरची आणि मर्यादा 20 ची आहे. मोजून 21.3 भरली, पृष्ठभाग गुळगुळीत असला आणि ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरत नसलं, तर फक्त पॅड बदला. 20.4 भरली तर दोन्ही बदला, कारण नवे पॅड संपायच्या आत ती मर्यादेखाली जाण्याची भीती आहे. डिस्क बदलताना डावी-उजवी जोडीनेच बदलायची. लेथवर सपाट करून घेण्याचा सल्लाही मिळेल. पण छोट्या गाडीच्या डिस्कमध्ये मुळातच दोनेक मिलिमीटरची सोय, त्यातलं अर्धं लेथवर का घालवायचं?

मोजण्यातही एक फसगत आहे. पॅड डिस्कच्या अगदी काठापर्यंत पोचत नाही, त्यामुळे काठाला न झिजलेली एक कड उभी राहते. साधा वर्नियर बाहेरून लावला की त्याचे जबडे या कडेवर बसतात आणि आकडा येतो जवळजवळ नव्या डिस्कचा. मेकॅनिक प्रामाणिकपणे '22 है' म्हणतो, पण आतली डिस्क कधीच पातळ झालेली असते. मायक्रोमीटर हवा, तो कडेच्या आत टेकवायला हवा, आणि डिस्क फिरवून चार-पाच ठिकाणी मोजायला हवी. चाक काढल्यावर थंड डिस्कच्या काठावरून नख फिरवून बघा, नख स्पष्ट अडलं की मोजायची वेळ आलीच म्हणून समजा.

पॅडचंही तसंच. चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकल्या की अनेकदा आतला पॅड आधी संपतो आणि त्याची लोखंडी पाटी डिस्क खरवडायला लागते. तेव्हा निर्णय उरतच नाही, दोन्ही जातात. म्हणून पिना साफ करून ग्रीस लावून घेण्याचा आग्रह मी पॅडइतकाच धरतो.

मयूर विहारला हे जरा जास्तच लागू आहे. ब्लू लाइन दाराशी असल्याने पुष्कळ गाड्या आठवडाभर डीडीएच्या सोसायट्यांत झाडांखाली उभ्या असतात. यमुनाकाठची पावसाळी हवा डिस्कवर तांबूस थर चढवते. तो पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो, त्याने घाबरू नका. गंजाने खड्डे पडले असतील तर मात्र जाडी पुरेशी असली तरी डिस्क बदला. जुलै 2023 मध्ये यमुना 208.66 मीटरपर्यंत चढली होती. तेव्हा ज्या गाड्यांची चाकं पाण्यात होती, त्यांचे कॅलिपर अजून उघडून पाहिले नसतील तर आधी ते बघा. आणि हीच आठवडाभर उभी गाडी रविवारी दिल्ली-मेरठ एक्स्प्रेसवेवर चढते. ताशी 70 वरून थांबताना ब्रेकना 35 च्या चौपट ऊर्जा पचवावी लागते. ती उष्णता आधी डिस्कच झेलते, आणि पातळ डिस्क ती झेलायला कमी पडते.

मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. दिल्लीत पीयूसी नसेल तर दंड होतो, पण खासगी गाडीचे ब्रेक सरकारी यंत्रणा नोंदणीनंतर पहिली 15 वर्षं तपासतच नाही. फिटनेसची अट येते ती थेट नोंदणीच्या नूतनीकरणाला. त्यातच 2015 साली हरित लवादाने राजधानीत डिझेल गाड्यांना 10 आणि पेट्रोल गाड्यांना 15 वर्षांची मर्यादा घातली, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची अंमलबजावणी करायला सांगितलं. या चौकटीत एखाद्या गाडीचे ब्रेक नोंदणीपासून भंगारापर्यंत एकदाही सरकारी तपासणीत येत नाहीत! टॅक्सी-ट्रकना नियमित तपासणी आहे. मग शाळेतल्या पोरांना बसवून नेणाऱ्या खासगी गाडीला किमान पाच वर्षांतून एकदा ती का नको? परिवहन खात्याने हे मनावर घ्यायला हवं.

तोवर ही जबाबदारी गाडीच्या मालकाचीच. डिस्क बदलायचं ठरलंच, तर ती जिथे बसते त्या हबवरचा गंज घासून काढायला सांगा, नाहीतर नवी डिस्क किंचित तिरकी बसते आणि काही हजार किलोमीटरनंतर स्टिअरिंग थरथरू लागतं. चाकाचे नट एअर गनने नुसते आवळून सोडू देऊ नका, टॉर्क रेंचने घट्ट करून घ्या. नवे पॅड बसेपर्यंत, म्हणजे पहिले दोन-तीनशे किलोमीटर, शक्यतो करकचून ब्रेक दाबू नका. आणि दोन्ही डिस्कची जाडी, आतल्या-बाहेरच्या पॅडची जाडी आणि त्या दिवशीचं किलोमीटर रीडिंग बिलावरच लिहून घ्या. पुढच्या खेपेला कुणी 'दोनों बदलवा लो' म्हणालं की ते बिल त्याच्यासमोर ठेवा आणि पुन्हा मोजायला सांगा.