वारजेकरांनो, बँडवाल्यांना हात द्या

लग्नसराई आली की वारजे माळवाडीत पुन्हा वरातींपुढे डीजेच्या भिंती उभ्या राहतील. काचा हादरतील, म्हातारी माणसं दारं लावून बसतील. पण आज गोंगाटाची तक्रार करायची नाही. त्या भिंतींनी ज्यांच्या सुपाऱ्या पळवल्या, त्या ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन वाजवणाऱ्या बँडवाल्यांसाठी हे लिहितो आहे. ते आपल्या डोळ्यांदेखत कमी होताहेत आणि शिकवणारेही त्यांच्याबरोबरच चालले आहेत.

ट्रम्पेटला कळा फक्त तीन. बाकी सगळी करामत ओठांची आणि दमाची. ओठ बसायला वर्षं जातात आणि काम नाही म्हणून वाद्य चार महिने खोक्यात राहिलं, की वरचे सूर फाटू लागतात. दिवसभर रिक्षा चालवणाऱ्या वादकाने रियाज करायचा कधी आणि कुठे? चाळीत फुंकलं की शेजारी ओरडतात. श्वास कुठे चोरायचा हे बँडमास्तर समोर उभा राहून दाखवतो तेव्हाच कळतं. तो मास्तर गेला की ते शिक्षणही गेलं.

शिकवणारा भेटला तर काय घडतं, तेही पाहा. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर याच वाद्यांतून जाझ घडला. जाझचा थोर वादक लुई आर्मस्ट्राँग याला ट्रम्पेटसारख्याच कॉर्नेटचे धडे मिळाले ते 1913 साली, मुलांच्या सुधारगृहातल्या बँडमध्ये. गोव्यात चर्चच्या शाळांतल्या मास्तरांनी साध्या घरांतल्या मुलांना नोटेशन शिकवलं, म्हणून मुंबईच्या हॉटेलांना जाझ वाजवणारे मिळाले. त्यांतल्याच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेटना आपल्या पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांनी जोडीला घेतलं. त्यांच्या 1951च्या ‘अलबेला’ चित्रपटाची गाणी आजही वाजतात. पुढे 1978मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जाझ यात्रा’ हा महोत्सव सुरू केला, सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सला मुंबईत आणलं. हौसेने राबणारी अशी माणसं होती, तोवर इथल्या वादकांना हक्काचा मंच होता.

वादकांसाठी असं हौसेने राबणं आपल्याला जमणार नाही, असं कृपा करून म्हणू नका. पावसाळ्यात मुठेच्या काठी पत्र्याच्या शेडखाली पोरंपोरी ऑफिस सुटल्यावर ढोल-ताशाचा सराव करतात. हातांना फोड येतात, तरी दुसऱ्या दिवशी हजर! ज्ञान प्रबोधिनीने शाळकरी मुलांच्या कमरेला ढोल बांधला तेव्हा ही लाट एवढी मोठी होईल, असं कुणाला वाटलं असेल? तीच हौस फुंकवाद्यांच्या वाट्याला का येऊ नये?

मंडळांनो, उत्सवात एक दिवस तरी बँड सांगा. मानाच्या गणपतींपुढे प्रभात किंवा दरबार बँड वाजतो तेव्हा लोक थांबून ऐकतात. उपनगरातल्या लहान बँडलाही तेवढा मान द्या. सोसायट्यांनो, रविवारी सकाळी क्लबहाउस दोन तास मोकळं ठेवा. महापालिका शाळेतली मुलं तिथे बँडमास्तरांकडे शिकतील. मुलांकडून फी नको, पण मास्तरांना मानधन द्यायलाच हवं. कलावंताला फुकट राबवून कला वाचत नाही. त्यासाठी वर्गणी काढू. हिशेब ठेवायला निवृत्त मंडळी हवीत, मुलांची ने-आण करायला तरुण हवेत. माळ्यावर क्लॅरिनेट पडलं असेल तर खाली काढा, दुरुस्ती करून घेऊ.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत खर्चाचा विषय निघेल, तेव्हा डीजेचा आकडा लिहिण्याआधी बँडमास्तरांना बोलावून त्यांचा दर विचारा.