घरची द्राक्षबाग आहे म्हणून वायनरी टाकायची?

नाशिकच्या वाइनवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय: "सर, घरची बाग आहे, मग आपलीच वायनरी का नको?" व्हिडिओत घाईत बोललो, इथे नीट लिहितो.

फ्रान्स-इटलीत आजोबांच्या तळघरात नातू वाइन करतो. आपल्याकडे तसं नाही. नाशिकची परंपरा द्राक्षाची, वाइनची नव्हे. सुलाची सुरुवात १९९९ची, राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१चं. तेव्हा लेबलवर 'पिढ्यान्‌पिढ्यांची चव' छापायचा मोह आवरा. शिवाय तुमची खायची थॉमसन इथे फारशी कामाची नाही. शेनिन ब्लां, शिराझ अशा वाइनच्या जाती लावाव्या लागतात, आणि नवी बाग धरायला दोन-तीन वर्षं जातात.

आता पैशाचं बोलू. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी, मग साधारण जानेवारी ते मार्च तोडणी. वर्षाला माल एकदाच. वड्यांचा घाणा बिघडला तर दुसरा टाकता येतो; इथे पुढचा घाणा पुढच्या वर्षी! चांगली रेड ओकच्या पिंपात वर्षभरसुद्धा पडून राहते. बँकेचा हप्ता मात्र पडून राहत नाही. त्यात दारूची सरळ जाहिरात करता येत नाही, आणि प्रत्येक राज्याचे एक्साइजचे नियम वेगळे.

गंगापूर धरणाजवळची यॉर्क बघा. गुरनानी कुटुंबाने उभी केलेली, नाव तीन भावंडांच्या आद्याक्षरांवरून. एका भावाने ऑस्ट्रेलियात ॲडलेडला जाऊन वाइन बनवायचं रीतसर शिक्षण घेतलं. (घरात एकाला तरी हे शास्त्र यायलाच हवं, नुसता कन्सल्टंट ठेवून भागत नाही.) वाइनला नाव मिळालं. २०२१ मध्ये सुलाने यॉर्क घेतली, तेव्हा 'अरेरे, घरचा धंदा गेला' म्हणणारे बरेच भेटले. मला ते अजिबात पटत नाही. चालता धंदा, नावासकट, योग्य वेळी विकणं हीसुद्धा कमाईच आहे. उलटं उदाहरण नारायणगावच्या इंडेजचं. चौगुले कुटुंबाची ही कंपनी ऐंशीच्या दशकातली, आपल्याकडची अगदी पहिल्या फळीतली. परदेशात कंपन्या घेत सुटली आणि २००८च्या मंदीनंतर कर्जाखाली कोलमडली.

मग तुम्ही काय करायचं? माझं मत विचाराल तर आधी तीन-चार हंगाम एखाद्या वायनरीशी करार करून वाइनची द्राक्षं पिकवा. टाक्या, क्रशर, लायसन्स यांचा खर्च त्यांचा, शिकणं तुमचं. पण लागवडीआधी भाव कशावर ठरणार ते लेखी घ्या: नुसत्या वजनावर, की साखरेच्या ब्रिक्सवर. आणि एकरी किती टनांच्या वर माल घेणार नाहीत, तेही त्याच कागदावर लिहून घ्या.