योजनेचा कर्ता कोण?

आजचा विषय चारचौघांत काढण्याजोगा नव्हे, असे आमच्या कित्येक वाचकांस वाटेल. वाटल्यास त्यांनी हे पान जेवणानंतर सावकाश वाचावे. परंतु वाचल्यावाचून उलटू नये, एवढीच विनंती आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही पुण्यातील एका शाळेत संस्कृत शिकवीत असता जवळच्या झोपडवस्तीतून येणारा एक विद्यार्थी आमच्या वर्गात होता. बुद्धी तल्लख, पाठांतर चोख. पण पहिल्या तासास नित्य उशीर. आम्ही त्यास वर्गाबाहेर उभे करीत असू. कारण विचारले असता तो मान खाली घालून गप्प राही. वर्ष सरता सरता त्याची आई शाळेत आली, तेव्हा उलगडा झाला. साऱ्या वस्तीस एकच सार्वजनिक संडास. त्यापुढे पहाटेपासून रांग. आणि मोठी माणसे मुलांस मागे सारून पुढे जात. मुलगा एका रांगेतून सुटून आमच्या दारी दुसऱ्यांदा उभा राहत होता! हे आठवले की आजही आमची आम्हांस लाज वाटते.

त्या वस्तीकरिता कोणी योजना केली नव्हती काय? केली होती. जागा ठरली, नकाशा निघाला, ठेकेदाराने भिंती उभ्या केल्या. मात्र पाणी कोठून यावे, मोडलेले दार कोणी बसवावे, बायकांनी पुरुषांच्या रांगेत कसे उभे राहावे, हे तेथे राहणाऱ्यांस कोणी विचारले नव्हते. आमच्या व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर अशा योजनेत सरकार प्रथमेत, इमारत द्वितीयेत आणि वस्ती सदैव चतुर्थीत. तिला द्यावयाचे, करणारी ती कधीच नव्हे.

हे व्याकरण बदलण्याचा एक मोठा प्रयोग आमच्याच पुण्यात झाला. सन १९९९ मध्ये आयुक्त श्री. रत्नाकर गायकवाड यांच्या कारकिर्दीत महापालिकेने वस्त्यांतील शौचालयांच्या कामी सेवाभावी संस्थांस पाचारण केले. नुसते बांधावयाचे नव्हे, तर पुढे सांभाळण्याची व्यवस्थाही लावून द्यावयाची, अशी अट होती. खर्च, पाणी व वीज महापालिकेची, निगा वस्तीची. त्या संस्थांत मुंबईची ‘स्पार्क’ ही एक होती. सन १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने पदपथावर राहणाऱ्या स्त्रियांत काम केले होते. त्यांतूनच उभे राहिलेले ‘महिला मिलन’ आणि जॉकिन अर्पुथम यांचा झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय संघ हे तिचे सोबती.

बायकांस विचारताच नकाशा बदलला. स्त्री-पुरुषांच्या वाटा व रांगा वेगळ्या झाल्या. मुलांकरिता लहान बैठका व धरावयास कठडे आले, म्हणजे मोठ्यांच्या रांगेत त्यांस ताटकळावयास नको. पाण्याची मोठी टाकी बसली. राखणदारास इमारतीतच खोली मिळाली, म्हणून त्याचा पगार थोडक्यात भागू लागला. कुटुंबागणिक दरमहा सुमारे २० रुपयांचा पास ठरला. काही ठिकाणी तर बांधकामाचा ठेकाच वस्तीतील बायकांनी घेतला. दर आठवड्यास आयुक्त, अभियंते व संस्था एकत्र बसत. अडलेले काम तेथल्या तेथे सुटे. दोन वर्षांत ४०० हून अधिक शौचालये उभी राहिली. मागील ३० वर्षांत झाली नव्हती इतकी!

यावरून सर्व काही साधले, असे मात्र आम्ही म्हणत नाही. पासाचे पैसे वेळेवर न आले, तर टाकी असून नळ कोरडा राहतो. अधिकाऱ्याची बदली होते आणि आठवड्याची बैठक महिन्यावर जाते. शिवाय रात्री-अपरात्री दूरच्या शौचालयास जाणे स्त्रीस व म्हाताऱ्या माणसास संकटच. म्हणून पुण्याच्याच ‘शेल्टर असोसिएट्स’ने पुढे निराळी वाट धरली. घरोघर पाहणी करून वस्तीचे नकाशे करावयाचे, संस्थेने साहित्य दारात पोहोचवावयाचे आणि बांधण्याची मजुरी कुटुंबाने सोसावयाची, अशी ती रीत. मजुरी स्वतः दिली म्हणजे वस्तू आपली वाटते, हे मनुष्यस्वभावाचे साधे गणित त्यांनी ओळखले.

सरकारजवळ पैसा, जमीन व अधिकार असतो. पण कोणत्या घरात कोण आजारी आहे, हे त्यास ठाऊक नसते. संस्थेजवळ ओळख व विश्वास असतो. पण जलवाहिनी टाकण्याचे बळ नसते. दोघांनी मिळून वस्तीस कर्ता केले, तरच वाक्य पुरे होते. एरवी संस्था सरकारची मुकादम बनते, आणि वस्ती चतुर्थीतच राहते.

सन १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांस प्रभाग समित्या दिल्या. आपल्या राज्याच्या कायद्यात तर त्या समितीवर मान्यताप्राप्त सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेण्याची सोय आहे. आपल्या प्रभागात त्या जागांवर कोण आहे, हे आमच्या वाचकांपैकी कितीजणांस सांगता येईल? आम्हांसही परवापर्यंत सांगता येत नव्हते. शेवटी कचेरीत जाऊन विचारून आलो.

हा धडा घराबाहेरचाच आहे, असेही नव्हे. आपल्या वाड्यात नवी मोरी किंवा स्वयंपाकघर बांधावयाचे ठरले म्हणजे वडील मंडळी बैठकीत नकाशा पसरतात. आणि जिने तेथे जन्म काढावयाचा, ती सून चहाचे पेले ठेवून आत जाते. पुढच्या वेळी तिला बसवून घ्यावे आणि ओटा किती उंच हवा, हे आधी विचारावे. घरात विचारण्याची सवय जडली, तर नगरात ती रुजावयास वेळ लागणार नाही.

आमचा तो विद्यार्थी आज कोठे आहे, हे आम्हांस ठाऊक नाही. कधी भेटलाच, तर या वेळी आधी कारण विचारू, आणि उत्तर येईपर्यंत थांबू.