स्की-ट्रिपचं प्लॅनिंग आणि संपाचा प्रश्न



येत्या नाताळात आम्ही चार मराठी कुटुंबं युटामधल्या पार्क सिटीला स्कीइंगला जायचं ठरवतो आहोत. नेहमीप्रमाणे एक्सेल शीट तयार झालं आहे. पास, काँडो, सॉल्ट लेक सिटीपर्यंतची विमानं, भाड्याची व्हॅन, मुलांचे स्कीचे क्लासेस, पहिल्या रात्रीची खिचडी कोणाकडे, सगळ्याचे रकाने आहेत. परवा कॉन्फरन्स कॉलवर एका मित्राने विचारलं, "तिथे पुन्हा संपबिंप होणार नाही ना? एवढे पैसे भरून लिफ्टच्या रांगेत उभं राहायचं का?" दुसरा म्हणाला, "कंपनीने बदली माणसं तयार ठेवायला हवीत." त्यावर कोणीच काही बोललं नाही. मीही नाही. ते मनात राहिलं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी झालं काय होतं ते सांगते. पार्क सिटीच्या स्की पेट्रोलचा वेतनकरार एप्रिल २०२४ मध्ये संपला. वाटाघाटी महिनोन्‌महिने रेंगाळल्या. नव्या माणसाचा दर ताशी २१ डॉलर होता. युनियन २३ मागत होती, शिवाय अनुभवी लोकांच्या पगारात त्या प्रमाणात वाढ. २७ डिसेंबर २०२४ रोजी, ऐन गर्दीच्या आठवड्यात, सुमारे २०० जण संपावर गेले. मालक कंपनी व्हेल रिसॉर्ट्सने आपल्या इतर रिसॉर्ट्समधून माणसं आणली, तरी ७३०० एकरांच्या त्या डोंगराचा लहानसाच भाग उघडता आला. ८ जानेवारी २०२५ ला करार मंजूर झाला. सुरुवातीचा दर २३ डॉलर झाला आणि जुन्या लोकांना त्याहून मोठी वाढ मिळाली. म्हणजे जी मागणी अखेर मान्यच झाली, ती आठ महिने आधीही मान्य करता आली असती. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये कोलोरॅडोतल्या टेल्युराइडला पेट्रोल संपावर गेलं, तेव्हा तर रिसॉर्टच काही दिवस बंद राहिलं.

बदली माणसं का चालत नाहीत? पेट्रोल म्हणजे जोरात जाणाऱ्या पोरांना "हळू" म्हणून सांगणारे लोक, अशी माझीही बरीच वर्षं समजूत होती. प्रत्यक्षात रात्री बर्फ पडलं की ही माणसं पहाटे अंधारात डोंगरावर जातात आणि उतारांवर स्फोटकं टाकून, गिऱ्हाईक यायच्या आत, कोसळू शकणारं बर्फ मुद्दाम पाडतात. त्यामागचं शास्त्र सोपं आहे, पण फसवं. हंगामाच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असतो. खाली जमीन शून्य अंशाच्या आसपास आणि वर हवा त्याहून कितीतरी थंड. या फरकामुळे बर्फातली वाफ वर सरकत राहते आणि तळाशी एकमेकांना न चिकटणारे, जाड साखरेसारखे कण तयार होतात. त्यावर नवं जड बर्फ साचलं की सगळा थर कधीही घसरू शकतो. कोणत्या उतारावर ही साखर केव्हापासून दडली आहे, वारा कुठे बर्फ आणून टाकतो, हे तोच डोंगर वर्षानुवर्षं पाहिलेल्याला कळतं. पाहुण्या माणसाला ते आठवड्यात कसं कळणार?

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका डोंगरावर माझ्या मुलाचा पाय मोडला होता. दोन पेट्रोलवाल्यांनी जागेवरच पाय बांधला आणि घसरगाडीत घालून त्याला अलगद खाली आणलं. त्यांचे आभार मी मानले. त्यांना पगार किती मिळतो, हा प्रश्न मात्र तेव्हा मला पडलाही नाही.

आता आपल्या पासबद्दल. २००८ मध्ये व्हेलने एपिक पास काढला, तेव्हा तो ५७९ डॉलरना होता. आज तो हजाराच्या वर गेला आहे. तरीही लिफ्टच्या खिडकीवर ऐन सुट्टीत एका दिवसाचं तिकीट ३०० डॉलरच्या वर जात असल्याने, चार-पाच दिवस जाणाऱ्यालाही पासच परवडतो. हा पास हंगाम सुरू होऊन रंगायच्या आत घ्यावा लागतो. म्हणजे बर्फ पडेल का, ही काळजी पूर्वी कंपनीची होती, ती आता आगाऊ पैसे भरणाऱ्या आपली झाली.

याचा संपावर काय परिणाम होतो, ते आपण पाहत नाही. संपाचं बळ मालकाच्या रोजच्या नुकसानीत असतं. आपले पैसे आधीच जमा झाल्यामुळे ते नुकसान कमी होतं आणि त्रास गिऱ्हाइकाच्या वाट्याला येतो. मग गिऱ्हाईक कोणावर चिडतं, याला फार महत्त्व येतं. पार्क सिटीत रांगेत ताटकळणारे लोक कंपनीवर चिडले. "कामगारांना पगार द्या" अशा घोषणा रांगेतल्या गिऱ्हाइकांनीच दिल्या. त्याच्या चित्रफिती देशभर फिरल्या आणि शेअरचा भावही पडला. आमच्या कॉलवर जे बोललं गेलं, ते नेमकं याच्या उलट होतं.

आपल्यातले काही म्हणतील, २१ डॉलर काय वाईट आहेत? पण पार्क सिटीत घरांचे भाव असे आहेत की तिथे काम करणारे बरेच जण सॉल्ट लेक किंवा हीबरहून रोज ये-जा करतात. दुसरे म्हणतील, ही मुलं हौसेने येतात, चार महिन्यांचं तर काम. हौस असली म्हणून मजुरी कमी द्यावी, हे आपण आपल्या पोस्ट-डॉकच्या काळात ऐकून घेतलंच आहे. तेव्हा ते आपल्याला पटलं होतं का?

आणि "हंगामी" या शब्दाबद्दल तर मराठी माणसाने तरी बेफिकीर असू नये. आज इथे, उद्या तिथे ओझं उचलणाऱ्या माणसाला कायम मालक नाही, म्हणून हक्कही नाहीत, हे महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने नाकारलं. मंडळ नेमलं, मालक आणि हमाल दोघांची नोंदणी केली, मजुरी आणि प्रॉव्हिडंट फंड मंडळामार्फत द्यायची सोय केली. अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढाव यांची नावं आपण अभिमानाने घेतो. डिसेंबर २०२५ मध्ये बाबा गेले, तेव्हा आमच्या याच स्की-ग्रुपवर श्रद्धांजलीचे निरोप आले होते. पुण्यातल्या हमालासाठी आपलं मन मोठं होतं, कारण त्याच्या संपाने आपली सुट्टी बिघडत नाही. हे मी स्वतःलाही सुनावते आहे.

सुट्टीच रद्द करा, असं माझं म्हणणं नाही. आम्हीही जाणार आहोत. मात्र शीटमध्ये मी तीन गोष्टी घालायला सांगितल्या आहेत. पास घेण्याआधी पेट्रोलच्या आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांच्या कराराची स्थिती काय, ते बघायचं. प्रवासविमा लवकर घ्यायचा, कारण आधीच जाहीर झालेला संप बहुतेक पॉलिसींत बसत नाही. आणि संप झालाच, तर लिफ्टमध्ये बसायचं नाही. गावातल्या म्युझियममध्ये मुलांना चांदीच्या खाणींचा इतिहास दाखवायचा (खाणी बसत चालल्यावर खाण कंपनीनेच १९६३ मध्ये तिथे स्कीइंग सुरू केलं), आणि परत आल्यावर कंपनीला पत्र लिहायचं.

तिसऱ्या मुद्द्यावर अजून एकमत नाही. "मुलं वर्षभर वाट बघतात गं," असं एक मैत्रीण म्हणाली, आणि ते खोटं नाही. माझी मुलंही बघतात. पण डोंगर सुरक्षित आहे असं गृहीत धरून आपण ज्या उतारावर त्यांना सोडतो, तो पहाटे कोणीतरी तपासलेला असतो. ती माणसं बाहेर रस्त्यावर फलक घेऊन उभी असताना मुलांना त्यांच्यासमोरून आत न्यायला मी तयार नाही.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा.